टीकेला उत्तर, प्रश्नाला बगल

२०२५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात आसाम सरकारची चांगलीच पंचाईत झाली. गोआलपाडा जिल्ह्यातील मटिया येथील स्थानबद्धता केंद्रात ६३ माणसे होती. न्यायाधिकरणांनी त्यांना परकीय ठरविले होते. मग त्यांना त्यांच्या देशात का पाठविले जात नाही, एवढाच न्यायालयाचा प्रश्न होता. त्यावर सरकारचे उत्तर असे की, या लोकांचे परदेशातील पत्ते उपलब्ध नाहीत! एखाद्या मुहूर्ताची वाट पाहता आहात काय, असे न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयाँ यांच्या खंडपीठाने विचारले. पत्ता ठाऊक नसला तरी त्या देशाची राजधानी कोणती हे तर ठाऊक असेल, असेही सुनावले.

न्यायालयातील ही प्रश्नोत्तरे वाचताना हसू येते. पण गेल्या पंचाहत्तर वर्षांतील एका धोरणाचे सारे सार त्यांत आलेले आहे. ‘हा माणूस आमचा नव्हे’ असा निर्णय शासनाने घेतलेला आहे. ‘मग तो कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर शासनाजवळ नाही. आणि पहिला निर्णयसुद्धा शासनाने काही सिद्ध करून दाखविले म्हणून झालेला नाही; त्या माणसाला आपले भारतीयत्व सिद्ध करता आले नाही, म्हणून झालेला आहे. घुसखोरीविषयी टीका झाली की सरकार काहीतरी उत्तर देते. ते उत्तर कधी कायद्याच्या, कधी आकड्याच्या, कधी कुंपणाच्या, तर कधी नागरिकांच्या सूचीच्या रूपाने येते. ही सारी उत्तरे टीकाकाराला उद्देशून दिली गेली. मूळ प्रश्नाला उद्देशून फार थोडी दिली गेली. आसामचा इतिहास नीट पाहिला तर हे स्पष्ट होते.

पूर्व बंगालातून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात शेतकरी येत राहिले, ते विसाव्या शतकाच्या आरंभापासून. ताग पिकविण्यासाठी इंग्रज सरकारला ते हवेच होते. फाळणीने या स्थलांतराच्या वाटेत आंतरराष्ट्रीय सीमा उभी केली आणि कालपर्यंतचा शेजारजिल्ह्यातला माणूस परदेशी झाला. १९५० साली संसदेने आसामातून स्थलांतरितांना घालवून देण्याचा खास कायदा केला. १९५१ च्या जनगणनेबरोबर नागरिकांची पहिली नोंदवही तयार झाली. १९६१ च्या जनगणनेनंतर आसामात सुमारे २ लाख २० हजार घुसखोर असल्याचा सरकारी अंदाज पुढे आला. त्यावर पोलिसी मोहीम निघाली. तिच्यात निरपराध नागरिकही हाकलले जातात अशी ओरड झाली, तेव्हा १९६४ साली परकीय नागरिक न्यायाधिकरणे नेमण्यात आली. पुढे जे घडत गेले त्याचा साचा येथेच तयार झाला. सौम्यतेबद्दल टीका झाली की सक्ती, सक्तीबद्दल टीका झाली की नवी न्यायालयीन चौकट, आणि ती चौकट मोडकळीस आली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

आसामी माणसाच्या मनातील भीती खोटी होती, असे मात्र कोणी समजू नये. १९५१ ते १९६१ या दशकात आसामची लोकसंख्या सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. त्या दशकात देशाची वाढ २२ टक्क्यांच्या आत होती. पुढच्या दशकातही आसामची वाढ ३५ टक्क्यांच्या घरातच राहिली, तर देशाची २५ टक्क्यांच्या आत. शेजारच्या त्रिपुरात काय झाले हे आसामी तरुण पाहत होता. ज्या राज्याची ओळख आदिवासींचे राज्य अशी होती, तेथे आदिवासींचे प्रमाण १९८१ पर्यंत ३० टक्क्यांच्याही खाली आले होते. आपल्या भाषेचे आणि जमिनीचे असेच होईल, ही चिंता करणाऱ्याला संकुचित म्हणून मोडीत काढणे दिल्लीतल्या संपादकांना सोपे होते. मुंबईत मराठीच्या प्रश्नावर बोलणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

तथापि आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९८१ साली आसामात जनगणना होऊच शकली नाही. १९७१ ते १९९१ या वीस वर्षांचा एकत्रित हिशेब केला, तर आसामची वाढ सुमारे ५३ टक्के आणि देशाची सुमारे ५४ टक्के भरते. त्यानंतरच्या दोन्ही दशकांतही आसाम देशाच्या किंचित मागेच राहिला. म्हणजे लोंढा सर्वांत मोठा होता तेव्हा आंदोलन नव्हते, आणि आंदोलन पेटले तेव्हा एकंदर आकड्यांत तरी लोंढा दिसत नाही. राज्याच्या सरासरीत काही सीमावर्ती जिल्ह्यांतील वाढ झाकली जाते, आणि आसामातून बाहेर गेलेल्यांची संख्याही तिच्यात मिसळते, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की, या प्रश्नावर बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी जनगणनेचे खंड उघडून पाहिले असावेत.

१९७९ साली मंगलदोई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक व्हावयाची होती. मतदारयादीत हजारो परकीयांची नावे असल्याच्या तक्रारी झाल्या आणि अखिल आसाम विद्यार्थी संघटनेचे सहा वर्षांचे आंदोलन सुरू झाले. केंद्र सरकारने वाटाघाटी केल्या, त्या लांबविल्या, आणि अखेर १९८३ च्या फेब्रुवारीत त्याच वादग्रस्त याद्यांवर विधानसभेची निवडणूक रेटून नेली. त्या निवडणुकीच्या दिवसांत, १८ फेब्रुवारीला, नेल्ली परिसरात काही तासांत जी कत्तल झाली, तीत सरकारी गणनेनुसारही अठराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. ‘परकीय’ हा शब्द कागदावर सोडवावयाचा असतो, तो शेतात सुटू लागला म्हणजे काय होते, हे त्या दिवशी दिसले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने या टीकेला कायद्याचे उत्तर दिले. बेकायदा स्थलांतरित निश्चित करण्यासाठी न्यायाधिकरणे नेमणारा हा कायदा एकट्या आसामपुरता लागू झाला. देशात इतरत्र १९४६ चा परकीय नागरिक कायदा चालू होता, आणि त्याच्या नवव्या कलमान्वये आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या त्या व्यक्तीवर होती. आसामात मात्र ही शाबिती तक्रारदारावर व सरकारवर टाकण्यात आली. कायद्याच्या मूळ स्वरूपात तक्रारदार हा संशयिताच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत राहणारा असावा, तक्रारीला तशाच दुसऱ्या रहिवाशांची प्रतिज्ञापत्रे जोडलेली असावीत आणि वर शुल्क भरावे, अशा अटी होत्या. शेजाऱ्याविरुद्ध फिर्याद करून पुन्हा त्याच्याच शेजारी राहावयाचे, हे कोणाला परवडणार? दोन वर्षांनी झालेल्या आसाम करारात हा कायदा सुधारण्याविषयी विचार करण्याचे आश्वासन दिले गेले. तीन किलोमीटरची मर्यादा वाढवून पोलीस ठाण्याच्या हद्दीपर्यंत नेली गेली. बाकी कायदा कायम राहिला.

या कायद्यामागचा हेतू सर्वस्वी लबाडीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. नेल्लीनंतर आसामातील बंगाली मुसलमान आणि बंगाली हिंदू दोघेही धास्तावलेले होते, आणि बहुसंख्यांच्या संशयापासून अल्पसंख्यांना संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्यच असते. पण संरक्षणासाठी केलेला कायदा मतपेटीच्या सोयीचा ठरला की तो कोणत्या हेतूने केला होता हे सरकारच विसरून जाते. २००० सालच्या एप्रिलअखेरपर्यंतचे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आले, ते असे: तीन लाख दहा हजारांहून अधिक चौकशा सुरू झाल्या, १०,०१५ व्यक्ती बेकायदा स्थलांतरित ठरल्या आणि प्रत्यक्ष देशाबाहेर गेल्या त्या १,४८१. साधारण सतरा वर्षांचे हे फळ. पश्चिम बंगालमधून सामान्य परकीय कायद्याखाली १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात ४,८९,०४६ जणांना परत पाठविल्याची तुलना न्यायालयाने केली. ही तुलना प्रभावी असली तरी तिच्यावर भिस्त ठेवताना सावध राहावयास हवे. इतक्या लोकांची कोणती चौकशी झाली, आणि त्यांतले किती दुसऱ्याच रात्री पुन्हा अलीकडे आले, हे तो आकडा सांगत नाही.

या खटल्यात सरकारांनी दाखल केलेली प्रतिज्ञापत्रे एकापुढे एक ठेवून वाचण्यासारखी आहेत. विद्यार्थी संघटनेचे माजी अध्यक्ष सर्बानंद सोनोवाल यांनी २००० साली कायद्याला आव्हान दिले, तेव्हा केंद्रात वाजपेयी सरकार आणि आसामात आसाम गण परिषदेचे सरकार होते. दोघांनीही कायदा निरुपयोगी असल्याचे सांगितले. २००१ साली आसामात काँग्रेसचे सरकार आले आणि राज्याने आपले प्रतिज्ञापत्र फिरविले; कायदा योग्य आहे, असे नवे म्हणणे सादर झाले. २००४ साली केंद्रात सरकार बदलले आणि केंद्रानेही तेच केले. म्हणजे तोच कायदा, तेच आकडे, तीच सीमा, त्याच खात्यातले सचिव. आणि शपथेवर सांगितलेले सत्य मात्र निवडणुकीच्या निकालाप्रमाणे उलट! १२ जुलै २००५ रोजी न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. परकीय आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करण्याचे जे कर्तव्य घटनेच्या ३५५ व्या अनुच्छेदाने केंद्रावर टाकले आहे, त्यात केंद्राने कसूर केली, इतक्या कठोर भाषेत तो निकाल आहे. त्यावर सरकारने काय केले? २००६ च्या फेब्रुवारीत एक आदेश काढून तीच शाबितीची व्यवस्था मागच्या दाराने परत आणली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने तो आदेशही रद्द केला.

कायद्याच्या उत्तराची ही कथा. आकड्यांच्या उत्तराची कथा त्याहून उद्बोधक आहे. १९९२ च्या एप्रिलात आसामचे मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांनी विधानसभेत राज्यातील घुसखोरांची संख्या ३० लाखांपर्यंत असल्याचे सांगितले आणि दबाव येताच थोड्याच दिवसांत ते विधान मागे घेतले. १९९७ साली केंद्रीय गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी संसदेत देशभरचा आकडा एक कोटी सांगितला. १४ जुलै २००४ रोजी गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत १,२०,५३,९५० ही संख्या दिली. पैकी ५० लाख आसामात. शेवटच्या पन्नासापर्यंत नेमका असलेला हा आकडा कुठून आला? नऊ दिवसांनी मंत्रिमहोदयांनीच सांगितले की तो विश्वसनीय नाही, ऐकीव माहितीवर आधारलेला आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात किरेन रिजिजू यांनी राज्यसभेत दोन कोटींचा अंदाज दिला. चोरून येणाऱ्यांची मोजदाद अचूक असू शकत नाही, असेही संसदेतील सरकारी उत्तरांत वारंवार म्हटलेले असते.

पदवी वर्गातील विद्यार्थ्याने आपल्या निबंधात अशा संख्या पद्धतीचा उल्लेख न करता लिहिल्या असत्या, तर त्याला गुण मिळाले नसते. नमुना कोणता, अनुमानाची रीत कोणती, चुकीची मर्यादा किती, यांपैकी काहीच कोणी सांगितले नाही. मागे घेतलेला आकडा मात्र मरत नाही. मंत्र्याने तो परत घेतला तरी व्यासपीठावर, पत्रकांत, एवढेच काय न्यायालयीन निकालातही तो पुढे वावरत राहतो. मोठा आकडा टीकाकाराला सुखावतो, कारण त्याचे म्हणणे सरकारने मान्य केल्यासारखे होते. त्या आकड्यासाठी सरकारला कोणी जबाबदार धरीत नाही, कारण तो आधीच्या सरकारच्या काळात आलेल्यांचा असतो.

कुंपणाचे उत्तर सर्वांत दिसण्याजोगे. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची. कुंपणाची पहिली योजना १९८६ सालची, म्हणजे आसाम करारानंतर लगेचची. २०२५ च्या आरंभापर्यंत ३,२०० किलोमीटरहून अधिक लांबीचे कुंपण झाले होते. उरलेल्यात नद्या, दलदली, भूसंपादनाचे तंटे आणि बांगलादेशाचे आक्षेप आहेत. धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेचे पात्र दर पावसाळ्यात जागा बदलते आणि ‘चर’ नावाची बेटे बुडतात, नवी वर येतात. तेथे तार कुठे ठोकावयाची? २०१९ साली तेथील ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक पहारा सुरू करण्यात आला. १९७५ सालच्या सीमाविषयक संकेतांमुळे कुंपण सीमारेषेपासून दीडशे यार्ड आत बांधावे लागते. त्यामुळे भारताचीच काही गावे आणि शेते तारेपलीकडे राहिली. तेथील शेतकरी फाटकावर ओळखपत्र ठेवून आपल्याच शेतावर नांगर घेऊन जातो आणि फाटक बंद होण्याच्या आत परततो.

कुंपण येणाऱ्याला जसे अडविते तसे जाणाऱ्यालाही अडविते, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. २०११ च्या जानेवारीत कुडीग्रामच्या बाजूला कुंपण ओलांडताना गोळी लागून जी पंधरा वर्षांची मुलगी मेली आणि जिचे प्रेत कित्येक तास तारेवर लोंबत राहिले, ती भारतातून बांगलादेशात परत चालली होती. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेचा अभ्यास करणाऱ्या डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, हंगामापुरता येऊन घरी परतणारा मजूर पहारा कडक झाल्यावर परत जाईनासा होतो, कारण पुन्हा येण्याचा खर्च व धोका वाढलेला असतो. मग तो बायकामुलांनाच बोलावून घेतो. आपल्याकडे असा अभ्यास कोणी मनावर घेतलेला नाही. कुंपणाचे किलोमीटर मोजले जातात, येजा मोजली जात नाही.

आता सूचीचे उत्तर. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आसामात नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही अद्ययावत करण्याचे काम झाले. अर्ज ३ कोटी ३० लाखांहून थोडे जास्त. २०१८ च्या जुलैमधील मसुद्यातून ४० लाख नावे बाहेर राहिली; ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम सूचीतून १९,०६,६५७. खर्चाचा प्रारंभीचा अंदाज सुमारे २८८ कोटींचा होता. तो १,६०२ कोटींवर गेला, असे महालेखापरीक्षकांनी नमूद केले आहे. लोकांनी केलेला खर्च यात धरलेला नाही. सुनावणीसाठी शेकडो मैल प्रवास, वकिलाची फी, बुडालेली मजुरी, त्यासाठी विकलेली गाय, हे कोणत्याच लेखापरीक्षणात येत नाही.

अर्जदाराने १९५१ च्या नोंदवहीत किंवा २४ मार्च १९७१ पूर्वीच्या मतदारयादीत आपला पूर्वज दाखवावयाचा आणि त्याच्याशी आपले नाते कागदाने जोडावयाचे, अशी रीत होती. पुरुषाच्या बाबतीत हे बहुधा जमते. शाळेत न गेलेली, अठरा वर्षांच्या आत लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, मतदारयादीत प्रथमपासून नवऱ्याच्याच नावाने नोंदलेली बाई आपण अमक्याची मुलगी आहोत हे कोणत्या कागदाने दाखविणार? ग्रामपंचायतीचा दाखला हाच तिचा आधार. आणि तो चालेल की नाही याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे. त्याची अंमलबजावणी खेड्यापाड्यांत किती झाली हे शासनाला पूर्ण ठाऊक आहे. ज्या नोंदी ठेवणे शासनाचे काम होते आणि शासनाने ते केले नाही, त्याच नोंदींच्या अभावाबद्दल शिक्षा मात्र नागरिकाला.

न्यायाधिकरणांचे चित्र याहून वेगळे नाही. तेथील सदस्य कंत्राटी मुदतीवर नेमले जातात. १९८५ पासून २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे ६४ हजार माणसे स्वतःच्या गैरहजेरीतच परकीय ठरली, असे सरकारनेच लोकसभेत सांगितले. त्यांतल्या किती जणांपर्यंत नोटीस पोहोचली होती? ब्रह्मपुत्रेच्या चरावर घर असलेला माणूस दर दोनचार वर्षांनी पत्ता बदलतो, कारण घर नदीत जाते. सैन्यात तीस वर्षे नोकरी केलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यालाही २०१९ साली परकीय ठरवून स्थानबद्ध करण्यात आले होते. तो सैनिक होता म्हणून वर्तमानपत्रांत ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत सुटला. शेतमजुरासाठी ओरड करणारे कोण?

अंतिम सूची कोणालाच पटली नाही. ज्यांनी पन्नास लाखांचा आकडा छातीठोकपणे सांगितला होता त्यांना १९ लाख थोडे वाटले. बाहेर राहिलेल्यांत हिंदूही मोठ्या संख्येने आहेत असे दिसल्यावर तर राज्यातील सत्तारूढ पक्षच सूचीवर टीका करू लागला. त्या वेळी मुख्यमंत्री होते सर्बानंद सोनोवाल, म्हणजे २००० सालचे अर्जदार. टीकाकारच सरकार झाला, आणि सरकार झाल्यावर त्याला आपल्याच कार्यक्रमाचे फळ नकोसे झाले. आसामात ही गोष्ट पहिल्यांदाच घडली असे नाही. १९८५ साली विद्यार्थी नेते वसतिगृहातून थेट मंत्रालयात गेले. दोनदा सत्ता मिळूनही परकीय नागरिक शोधण्याच्या कामात त्यांना लक्षणीय यश आले नाही. उलट दिशेचे उदाहरणही आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालमधील घुसखोरीवर बोलू दिले नाही म्हणून ममता बॅनर्जी यांनी लोकसभेत कागद भिरकावले होते. २०१८ साली त्याच आसामच्या सूचीच्या सर्वांत कडव्या विरोधक बनल्या. मतदार बदलले की घुसखोराची व्याख्या बदलते.

२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती करून बांगलादेश, पाकिस्तान व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या मुसलमानेतरांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा करण्यात आला. आसाम करारात मर्यादा १९७१ च्या मार्चची, आणि तीत धर्माचा प्रश्न नव्हता. आसामात पुन्हा वणवा पेटला, माणसे मेली. सरकारचे म्हणणे, हा निर्वासितांना दिलेला आसरा आहे, घुसखोरी नव्हे. छळामुळे पळून आलेल्याला आसरा देणे योग्यच. पण आसामी माणसाची तक्रार संख्येविषयी व भाषेविषयी होती, आणि तिला उत्तर मिळाले ते धर्माच्या परिभाषेत. २०११ च्या जनगणनेनुसार आसामात आसामी मातृभाषा सांगणारे ४८ टक्क्यांच्या आसपास होते. त्यांच्या चिंतेला या दुरुस्तीत कुठेच स्थान नव्हते.

या साऱ्या गदारोळात एका पक्षाचे नाव कधीच घेतले जात नाही. तो पक्ष म्हणजे काम देणारा. कागद नसलेला मजूर कमी मजुरीत राबतो, तक्रार करीत नाही, संघटित होत नाही. वीटभट्टी, बांधकाम, कचरावेचणी, घरकाम, जरीकाम यांत असा मजूर कोणाला हवा असतो? अमेरिकेने १९८६ च्या कायद्यात सुमारे २७ लाख लोकांना रीतसर वास्तव्य दिले आणि त्याबरोबर मालकांना दंडाची तरतूद केली. कागद खरा की खोटा हे पडताळण्याचे बंधन मालकावर नव्हते, म्हणून दंडाचा भाग कागदावरच राहिला. आपल्याकडे मालकाला हात लावण्याचा विचार कोणत्याही बाजूच्या टीकाकाराने गंभीरपणे केलेला नाही. मजुरासाठी मुदतीचे परवाने द्यावेत आणि त्याच्या येण्याजाण्याची नोंद व्हावी, ही सूचना अधूनमधून पुढे येते; पण ती मान्य करावयाची तर माणसे कामासाठी येतात हे आधी कबूल करावे लागेल, आणि तसे कबूल करणे ना सरकारला परवडते ना विरोधकांना.

महाराष्ट्रानेही याचा अनुभव घेतला आहे. १९९८ च्या जुलैत मुंबईतून बांगलादेशी म्हणून पकडलेल्या बंगाली भाषिक कारागिरांना रेल्वेने सीमेकडे नेले जात असता, हावड्याजवळ उलुबेडिया स्थानकावर जमावाने त्यांना सोडविले. ते पश्चिम बंगालचेच रहिवासी आहेत असा त्या राज्याच्या सरकारचा दावा होता. दोन राज्यांची दोन सरकारे, आणि एकाच माणसाचे दोन देश! सत्तावीस वर्षांनंतर, २०२५ च्या जूनमध्ये, महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. दरम्यान सोडवणुकीचा मार्ग अधिक सोपा झालेला नव्हता. ढकलण्याचा मात्र झाला होता.

बांगलादेशाची भूमिका प्रथमपासून एकच आहे: भारतात आमचे बेकायदा नागरिक नाहीत, असतील तर नावपत्ता द्या, पडताळून घेऊ. ती सोयीची भूमिका आहे हे उघडच दिसते. पण तिला छेद देण्यासाठी परत घेण्याचा रीतसर करार करावयाचा, संयुक्त पडताळणीची कालमर्यादा ठरवावयाची, हे काम कोणत्याही सरकारने तडीस नेले नाही. मटियातील माणसांचे पत्ते न सापडण्याचे कारण येथे आहे.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, शाबितीचा भार व्यक्तीवर असला तरी संशयाला काही आधार सरकारपाशी असलाच पाहिजे. कोणाचेही दार ठोठावून ‘तुझ्यावर आमचा संशय आहे’ एवढेच म्हणता येणार नाही. ज्याच्या बाबतीत हा निकाल लागला तो निकालाच्या आधीच मरण पावला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. शाबितीचे कलम त्यात कायम राहिले. त्याच महिन्यात आसामच्या मंत्रिमंडळाने १९५० चा तो जुना कायदा पुन्हा बाहेर काढला. संशयिताने दहा दिवसांत नागरिकत्व सिद्ध करावे, न झाल्यास जिल्हाधिकाऱ्याने त्याला घालवून द्यावे, अशी कार्यपद्धती मंजूर झाली.

आणि २०१९ ची सूची? सूचीतून वगळलेल्याला कारणांसह पत्र मिळावयाचे होते, आणि ते मिळाल्यापासून १२० दिवसांत त्याने न्यायाधिकरणाकडे अपील करावयाचे होते. सूची अधिसूचित झाली नाही, म्हणून पत्रे निघाली नाहीत. पत्रे निघाली नाहीत, म्हणून ते १२० दिवस वर्षानुवर्षे सुरूच झाले नाहीत. १९ लाख माणसे तेवढा काळ ना आत ना बाहेर राहिली. त्यांपैकी ज्यांना मुले झाली, त्यांच्या जन्माच्या नोंदी मात्र या वेळी रुग्णालयांनी काळजीपूर्वक केल्या आहेत. आईचे नाव, बापाचे नाव, राहण्याचा पत्ता.